मंत्रिमंडळातली एकटी बाई

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

काल गटचर्चेत जोरदार वाद झाला. बाई मंत्री झाली की बायकांचं भलं होतं का? कोणी ठणकावून हो म्हणालं, कोणी तितकंच ठणकावून नाही. मला वाटतं, एका मंत्रीबाईंची हकीकत सांगावी आणि मग आपण बोलावं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेचे अध्यक्ष होते फ्रँकलिन रूझवेल्ट. १९३३ ते १९४५ एवढा त्यांचा कार्यकाळ. तेवढ्यात उपाध्यक्ष तीन झाले. पहिले गार्नर, मग वॉलेस, आणि शेवटी ट्रूमन, जे रूझवेल्ट यांच्या मृत्यूनंतर अध्यक्ष झाले. मंत्रीही येत-जात राहिले. रूझवेल्ट यांच्याबरोबर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत टिकलेले मंत्री दोनच. एक हॅरॉल्ड इकीज आणि दुसऱ्या मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली ही पहिली बाई.

त्या कुठून आल्या बघा. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल नावाच्या शिलाई कारखान्याला आग लागली. बाहेर पडायचं एक दार कुलूपबंद होतं. १४६ जण मेले, त्यांत बहुतेक परदेशातून पोटासाठी आलेल्या तरुण मुली. वरच्या मजल्यांवरून उड्या टाकणाऱ्या मुली पर्किन्सनी रस्त्यावरून डोळ्यांनी पाहिल्या. पुढची वीस वर्षं त्यांनी कारखाने तपासण्यात, कामाचे तास कमी करून घेण्यात, आमदारांच्या दारात चकरा मारण्यात घालवली. लग्नानंतरही स्वतःचं नाव बदललं नाही. नवरा मानसिक आजारानं खचला, तेव्हा घर चालवलं ते त्यांच्याच पगारानं.

१९३३ मध्ये रूझवेल्टनी बोलावलं तेव्हा बाई यादी घेऊनच गेल्या. किमान वेतन, कामाच्या तासांवर मर्यादा, बालमजुरीबंदी, बेकारी विमा, म्हातारपणचं पेन्शन, आरोग्य विमा. हे करायचं असेल तरच मी येते, म्हणाल्या. मोठ्या कामगार संघटनेचे पुढारी नाराज झाले, कारण त्यांना आपला माणूस हवा होता. पुरुषांना आईसारखी दिसणारी बाई कमी खुपते, हे ओळखून पर्किन्स साधा काळा पोशाख आणि तिकोनी टोपी घालत. १९३९ मध्ये त्यांच्यावर महाभियोगाचा ठराव आला. एका कामगार पुढाऱ्याला देशाबाहेर घालवलं नाही, हा आरोप. संसदेच्या समितीला त्यात काही तथ्य सापडलं नाही.

आरोग्य विमा सोडला तर यादीतलं बरंचसं झालं. १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा ज्या मंत्री-समितीनं तयार केला, तिच्या अध्यक्ष पर्किन्सच. १९३८ च्या कायद्यानं तासाला किमान २५ सेंट मजुरी ठरली.

आता आपल्या वादाकडे येते. समितीच्या अहवालात घरकामगार आणि शेतमजुरांनाही पेन्शनच्या कक्षेत घेतलं होतं. पण विधेयक संसदेसमोर असताना याच मंत्रिमंडळातले अर्थमंत्री मॉर्गेंथो म्हणाले, घरकाम आणि शेतमजुरी करणाऱ्यांची वर्गणी गोळा करणं यंत्रणेला झेपणार नाही. दक्षिणेकडच्या गोऱ्या जमीनदारांचे प्रतिनिधी संसदेत वजनदार होते, आणि काळ्या मजुरांच्या हाती सरकारी पैसा जावा, अशी त्यांची मुळीच इच्छा नव्हती. दोन्ही गट वगळले गेले. त्या काळी मजुरी करणाऱ्या काळ्या बायकांपैकी बहुसंख्य बायका राबत होत्या त्या दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात नाहीतर शेतात. म्हणजे ज्यांना आधाराची सगळ्यात जास्त गरज, त्याच बाहेर.

पुढे युद्ध आलं. लाखो बायका विमानांच्या, दारूगोळ्याच्या कारखान्यांत शिरल्या. पण मनुष्यबळाचा कारभार १९४२ मध्ये वेगळ्या आयोगाकडे गेला आणि त्यावर एक पुरुष बसला. पर्किन्सचं खातं बाजूला पडलं. सरकारी खर्चानं चालणारी पाळणाघरं निघाली, ती युद्ध संपल्यावर सरकारनं बंद केली.

आणि वगळलेल्यांचं काय झालं? नियमित काम करणाऱ्या घरकामगार बायकांना पेन्शनचा हक्क मिळाला १९५० साली. किमान वेतन मिळायला १९७४ उजाडलं, म्हणजे छत्तीस वर्षं! तोवर पर्किन्स वारल्याही होत्या, १९६५ मध्ये.

मी पर्किन्सना दोष द्यायला ही गोष्ट सांगत नाही. बारा वर्षं त्या टेबलाशी एकटीनं बसायचं, हे काही सोपं नाही. त्या नसत्या तर एवढंही झालं असतं का, याची मला शंका आहे. पण टेबलाशी जी बाई बसली होती ती सुशिक्षित, गोरी. भांडी घासणारीच्या बाजूनं तिथे बोलायला दुसरं कोणी नव्हतं, आणि बाहेरून दबाव आणायला त्या बायकांची ताकदवान संघटनाही नव्हती. म्हणून 'यंत्रणेला झेपणार नाही' एवढं एक वाक्य पुरलं.

तेव्हा मैत्रिणींनो, बाई मंत्री व्हायलाच हवी, त्यासाठी आपण भांडूच. पण तिनं आणलेल्या कायद्याचा मसुदा हातात आला की आधी व्याख्येचं पान उघडा. 'कामगार' म्हणजे कोण, हे तिथे लिहिलेलं असतं. आपल्या गटातल्या एकेकीचं काम त्यात बसतं का, ते बोटानं ओळ धरून बघा. बसत नसेल, तर विधेयक मंजूर व्हायच्या आधी मोर्चा काढा. नंतर दुरुस्ती करू, असं कोणी म्हणालं, तर त्याला ही छत्तीस वर्षं सांगा.