वाळू, पाणी आणि श्रावकाचे अंगण





सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने कर्मसिद्धान्त, अनेकान्त, तीर्थांचा इतिहास अशा विषयांच्या पंक्तीला लहान मुलांच्या वाळू-पाण्याच्या खेळाचा विषय यावा, याचे काहींना नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या घरात तीन-चार वर्षांचे मूल आहे, त्या घरात हा विषय रोज उभा राहतो. मूल नळाखाली हात धरून बसते. आजी म्हणतात, "सोड रे बाळा, थेंबाथेंबात जीव आहेत." आईने कोठेतरी वाचलेले असते की या वयात मुलाला माती-पाण्यात खेळू द्यावे. आजींचेही खरे असते आणि आईचेही. दोघींचा निर्णय होईपर्यंत मूल रडू लागते, आणि ते गप्प व्हावे म्हणून त्याच्या हाती मोबाईल दिला जातो. हिंसा टळली असे आजींना वाटते, कपडे वाचले असे आईला वाटते; मुलाचे काय झाले, याचा विचार मात्र कोणीच करत नाही.

आजींचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाणी हे अप्कायिक जीवांचे शरीर आहे आणि एका थेंबात असे असंख्य जीव आहेत, ही जैन दर्शनाची मूळ धारणा आहे. वाळूची गणना पृथ्वीकायाच्या भेदांत होते. म्हणून श्रावकाच्या घरात बालसंगोपनाचा विचार परक्या पुस्तकातून जसाच्या तसा उचलून चालणार नाही.

या प्रश्नाशी थेट भिडणारा एक प्रसंग आगमांतच आहे. श्वेतांबर परंपरेच्या भगवती सूत्रात, पाचव्या शतकात, अतिमुक्त या बालमुनीची कथा येते. अगदी कोवळ्या वयात दीक्षा घेतलेला हा कुमारश्रमण मोठ्या पावसाच्या वेळी बाहेर पडला. वाहते पाणी त्याच्या दृष्टीस पडले. त्याने मातीची पाळ बांधून पाणी अडविले आणि आपले पात्र त्यात सोडून ही माझी नाव, ही माझी नाव, असे म्हणत तो खेळू लागला. स्थविर मुनींनी हे पाहिले. त्यांनी भगवान महावीरांकडे जाऊन विचारले की, आपला हा शिष्य किती भवांनी सिद्ध होणार? प्रश्नात तक्रार होती, हे उघड आहे. भगवंतांचे उत्तर असे की, तो याच भवात सिद्ध होणार आहे. त्याची अवहेलना करू नका, निंदा करू नका, न कंटाळता त्याचा सांभाळ करा.

या कथेतून पाणी उडविण्यास परवानगी मिळाली, असा अर्थ कोणी काढू नये. अतिमुक्त महाव्रतधारी होता. त्याच्याकडून स्खलन झाले होतेच, आणि पुढील परंपरेने त्याच्या पश्चात्तापाची आठवण आदराने जपली आहे. पण मातीची पाळ, अडविलेले पाणी आणि त्यात तरंगणारी नाव हा खेळ अडीच हजार वर्षांपूर्वीच्या मुलाला जसा सुचला तसाच तो आजच्या मुलालाही सुचतो. तो कोणी शिकवावा लागत नाही. मोठ्यांकडून भगवंतांनी काय अपेक्षिले, तेही कथेत स्पष्ट आहे. मुलाला हिणवायचे नाही, त्याला सांभाळायचे आहे.

दिगंबर परंपरेतील आचार्य समंतभद्रांचा रत्नकरंड श्रावकाचार हा गृहस्थांचा ग्रंथ. त्यात अनर्थदंडविरती या गुणव्रताच्या विवेचनात प्रमादचर्येचा उल्लेख आहे. माती, पाणी, अग्नी, वारा यांचा निष्फळ आरंभ करणे, वनस्पती उगाच तोडणे, ही ती प्रमादचर्या. येथे सारा भर 'निष्फळ' या शब्दावर आहे. गृहस्थाकडून एकेंद्रिय जीवांची विराधना पूर्णपणे टळत नाही, हे श्रावकाचार गृहीत धरतो. त्याला टाळावयाची आहे ती निष्कारण विराधना. मग मुलाचा खेळ निष्कारण आहे काय, हाच खरा प्रश्न उरतो. बादलीभर पाणी अंगणात ओतून देणे निष्कारणच आहे. परंतु तांब्याभर पाण्यात तासभर रमलेले मूल काहीच साधत नाही, असे म्हणणाऱ्याने त्या मुलाकडे नीट पाहिलेले नसते.

ते काय करते? कोरड्या वाळूचा ढीग कितीही वेळा केला तरी त्याचा उतार तसाच राहतो, हे त्याला हाताने कळते. त्याच वाळूत थोडे पाणी पडले की कण एकमेकांना धरून राहतात, मूठ वळते, भिंत उभी राहते. पाणी जास्त झाले की भिंत बसते. किती म्हणजे थोडे आणि किती म्हणजे जास्त, याचा अंदाज त्याला दहा वेळा भिंत पडल्यावर येतो. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी लहान मुलांसमोर रुंद पेल्यातील पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतून दाखविले, तेव्हा सहा-सात वर्षांखालील मुले बहुधा उंच पेल्यातच पाणी अधिक आहे असे सांगत. ही समजूत केवळ सांगून बदलत नाही. ओतण्याचा, मोजण्याचा स्वतःचा अनुभव साठत गेला की ती हळूहळू मागे पडते. नरसाळे, गाळणे आणि दोन वाट्या यांत जे गणित आहे, ते अंकलिपीच्या आधीचे आहे.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९४५ साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील, आताच्या पालघर जिल्ह्यातील, समुद्रकाठच्या बोर्डी गावी काम सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागड्या परदेशी साधनांऐवजी भोवताली मिळणारे खडे, शिंपले, बिया, माती हेच त्यांनी बालवाडीचे साहित्य मानले. अमेरिकेत बोस्टन शहरात १८८५ च्या सुमारास गरीब वस्तीतील मुलांसाठी प्रार्थनागृहाच्या अंगणात वाळूचा ढीग टाकला गेला. बर्लिनच्या बागांतील अशा ढिगांवरून ती कल्पना तेथे आली होती, आणि सार्वजनिक क्रीडांगणांची चळवळ तेथून वाढली. एका धर्मस्थळाच्या अंगणापासून तिचा आरंभ व्हावा, ही गोष्ट या सभागृहात मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

घरी यासाठी फार काही लागत नाही. जुनी परात, घमेलेभर स्वच्छ नदीची वाळू, एक तांब्या, एक गाळणे. बांधकामावर हल्ली वापरतात ती दगड फोडून केलेली क्रश सँड मुलांना देऊ नये. तिचे कण धारदार असतात आणि तिची बारीक धूळ छातीला अपायकारक असते. वाळू चाळून, उन्हात पसरून, मगच परातीत घालावी आणि खेळ संपल्यावर झाकून ठेवावी, नाहीतर मांजरे ती घाण करतात आणि किडामुंगीही तिच्यात शिरते. पाणी गाळूनच घ्यावे, आणि ते गाळण्याचे काम मुलाला सोबत घेऊन करावे. गाळण्याचे वस्त्र त्याच्या हाती द्यावे, ते सावकाश का उलटावे आणि जिवाणी मूळ पाण्यात का पोचवावी, हे तेव्हाच सांगावे. पाठशाळेत 'यत्ना' हा शब्द पाठ करून जे समजत नाही, ते तांब्या न हिंदकळू देता चालताना समजते. तेवढ्याच पाण्यात खेळायचे, संपले की खेळ संपला, आणि उरलेले झाडाच्या मुळाशी घालायचे, असा नेम ठेवला तर मुले तो मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे पाळतात. धान्य आणि पीठ मात्र खेळायला देऊ नये; अन्न ते अन्न.

एका बाबतीत जराही सवलत नाही. लहान मूल काही इंच पाण्यातही बुडू शकते, आणि बुडताना ते बहुधा ओरडत नाही. टब असो, हौद असो वा समुद्र, हात पोचेल इतक्या अंतरावर एक मोठे माणूस असलेच पाहिजे, आणि त्या माणसाच्या हातात फोन नसावा. खेळ झाला की टब तत्काळ रिता करावा.

आता सहलींविषयी. जैन कुटुंबे प्रवास कमी करीत नाहीत. पण त्यांचा बहुतेक प्रवास तीर्थयात्रेचा असतो आणि यात्रेत मुलांच्या वाट्याला रांगेत उभे राहणे व गाडीत झोपणे एवढेच येते. कुंभोजला बाहुबलींच्या २८ फुटी मूर्तीपुढे उभे राहिलेले मूल मान वर करून पाहते, तो क्षण मोलाचाच. त्यानंतरचा एक तास त्याला मोकळ्या जागेवर, झाडाखाली, त्याच्या मनासारखा मिळावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटे हालचाल आणि पडद्यासमोर एका तासाहून अधिक नाही, असे सांगितले आहे. शहरातील सदनिकेत हे १८० मिनिटे कोठून आणायचे, याचे उत्तर अशा तासांतच आहे.

कोकणातील किनारा तर अहिंसेची उघडी पाठशाळा आहे. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसते. इवलासा खेकडा वाळूतील अन्नकण खाऊन उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतो, त्या त्या गोळ्या. हे एकदा दाखविले की मूल आपला किल्ला तेथून दूर, कोरड्या वाळूकडे सरकवते. शंख उचलण्यापूर्वी उलटून पाहावा. आत खेकडा राहात असेल तर तो होता तेथेच ठेवावा. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास गावी २००२ पासून सह्याद्री निसर्गमित्र संस्था आणि ग्रामस्थ यांनी सागरी कासवांची घरटी राखली. मादी वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालून निघून जाते आणि पुढे सुमारे दोन महिने सूर्याने तापलेली वाळूच त्यांना ऊब देते. पिल्ले समुद्राकडे निघतात तेव्हा त्यांच्या वाटेत पाऊल न टाकता उभे राहणे, ही चार वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने मोठीच साधना.

अशा सहलीला पहाटे निघावे. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून ती आदल्या दिवशी स्थानिक कोळ्यांना विचारून घ्यावी. डबा घरचा असला आणि जेवण सूर्यास्तापूर्वी उरकण्याचा बेत आधीच ठरला, तर धावपळ होत नाही आणि व्रतालाही बाध येत नाही. चातुर्मासात मात्र हे सारे थांबवावे. त्या दिवसांत शेवाळ, अंकुर आणि सूक्ष्म जीव सर्वत्र असतात, शिवाय समुद्रही खवळलेला असतो. तेवढे चार महिने कोरडी वाळू, परात आणि घराचा ओटा पुरे.

पाठशाळेच्या आवारात एका बाजूस सहा बाय आठ फुटांची जागा, विटांची बुटकी कड, वीतभर खोल चाळलेली वाळू, वर ताडपत्री आणि जवळच गाळलेल्या पाण्याचा एक माठ एवढी सोय विश्वस्तांनी केली, तर खर्च फारसा येणार नाही. ताडपत्री काढण्या-घालण्याचे काम दर रविवारी एका कुटुंबाने घ्यावे, आणि पहिला रविवार आजी-आजोबांसाठी राखून ठेवावा.