चुलीपाशी दिवा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही सभा गाजवणारी वक्ती नव्हे. चार बायकांत बसून बोलावे, एवढाच माझा अभ्यास. पण मागे आपली सहल एका शेतावर गेली होती. तेथे पाहुण्यांसाठी जाते मांडून ठेवले होते. आपल्या लेकीसुनांनी त्यावर मूठमूठ ज्वारी दळली, फोटो काढले आणि परतताना गाडीत एकजण मला म्हणाली, "आजी, विजेवाचून किती शांत आयुष्य होतं हो तुमचं!" मी त्या वेळी नुसती हसले. उत्तर द्यायचे राहून गेले. आज चिटणीसबाईंनी उभे केलेच आहे, तर ते देते.

१९६४ साली लग्न होऊन मी पाटण तालुक्यातल्या एका वस्तीवर आले. वस्ती म्हणजे गावापासून अर्ध्या कोसावर, रानातच बांधलेले घर. दगडमातीच्या भिंती, वर कौले आणि खाणारी अकरा तोंडे. कोयनेचे धरण आमच्याच तालुक्यातले. १९६२ साली तेथली वीज सुरू झालेली होती. पण ती मुंबईच्या कारखान्यांकडे गेली. आमच्या वाट्याला रॉकेलची चिमणी.

दिवस उजाडायचा तो जात्यावर. पहाटे चारला मी आणि थोरल्या जाऊबाई समोरासमोर बसत असू. रोजची पायलीभर ज्वारी. एकीने वैरण घालायची, दोघींनी खुंटा ओढायचा. दीड तास तरी जाई. ज्वारीचे पीठ फार दिवस टिकत नाही, कडवट होते. म्हणून आठवड्याचे एकदम दळून ठेवू म्हटले तर तेही नाही. जाते बोथट झाले की त्याला टाकी लावून घ्यावी लागे. टाकी लावल्यावर पहिल्या दळणात कच येई. ते पीठ माणसांना न देता जनावरांना घालायचे.

दळण झाले की पाणी. विहीर वस्तीपासून बरीच खाली होती. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर हंडा, वर कळशी, अशा सकाळच्या सहा खेपा. जनावरांचे पाणी निराळे. मोट चालू असली की थारोळ्यातच भरून घ्यायचे, तेवढा दोर ओढायचा त्रास वाचे. मग शेण, चूल, भाकऱ्या, रानात न्याहारी पोचवणे, भांगलण, दिवस कलता जळण गोळा करणे. पावसाळ्यात जळण ओले. फुंकणीने फुंकून फुंकून डोळे लाल होत. काडेपेटी जपून वापरायची, म्हणून रात्री विस्तव राखेत झाकून ठेवायचा. तो विझला तर सकाळी शेजारच्या वस्तीवर गोवरी घेऊन जायचे. विस्तवाला कोणी नाही म्हणत नसे, हे मात्र सांगितले पाहिजे.

चांगले होते तेही सांगते, नाहीतर खोटे बोलल्यासारखे होईल. काही वाया जात नसे. चुलीतली राख भांड्यांना, बियाण्यांना आणि उरली तर परसातल्या भाजीला. कणगीत कडुनिंबाचा पाला घालून धान्य वर्षभर राखायचे. फ्रीज कसला, दूधदही शिंक्यावर, पाणी माठात आणि उन्हाळ्यात सांडगे-कुरडयांची वाळवणे. हे सारे शहाणपण सासूबाईंच्या बोटांत होते. आणि जात्यावरच्या ओव्या. माहेरची आठवण, नवऱ्याचे बोलणे, मेलेले मूल, जे दिवसा तोंडातून काढायची सोय नव्हती ते पहाटे जात्यापाशी बाई बोलून घेई. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी पुढे खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि त्या ओव्या थांबल्या. ओव्या गेल्याचे मला वाईट वाटते. दळण गेल्याचे वाटत नाही.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट कोयनाकाठची कोणतीच बाई विसरणार नाही. चार वाजून वीस मिनिटे झाली असतील. आम्ही जात्यावरच होतो. आधी वाटले, जातेच घरघरते आहे. मग पाळीतले पीठ उसळले आणि मागची भिंत बसली. जाऊबाईंनी चिमणी विझवली आणि दोन्ही पोरे उचलली. अंधारातच आम्ही बाहेर पडलो. चिमणी तशीच सोडली असती तर पडलेल्या गवताने पेट घेतला असता. आमच्या घरात कोणाला इजा झाली नाही. पण कोयनानगरात घरेच्या घरे भुईसपाट झाली, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. त्या दिवशी मुंबईच्या कारखान्यांची वीज गेली, असे मागाहून कळले. आमची होती कुठे, की जावी?

आता दिव्याविषयी बोलते, कारण माझे खरे दुखणे तेथे आहे. मी माहेरी सातवी पास झाले होते. वाचायची फार आवड. सासरी येताना ट्रंकेत तीन पुस्तके आणली होती. घरात ओगलेवाडीचा एक कंदील. त्याची काच रोज संध्याकाळी राखेने पुसायचे काम माझे. पण तो टांगायचा सोप्यात, पुरुषांच्या बैठकीत आणि मुलांच्या अभ्यासाला. स्वयंपाकघरात चिमणी. माझ्या दोन्ही बाळंतपणांच्या रात्री तेवढा कंदील आत आला. वीस वर्षांत ती तीन पुस्तके मी पुरी केली नाहीत. कोणी मनाई केली नव्हती. दिवसा वेळ नव्हता आणि रात्री उजेड नव्हता, इतकेच.

१९७६ साली विहिरीवर विजेची मोटर बसली. बैल सुटले, ऊस आला. घरात वीज आली ती १९८३ साली. म्हणजे उसाला सात वर्षे आधी आणि माणसांना नंतर. त्यातही दिवा एकच घेतला, तो सोप्यात. मामंजी म्हणाले, "चुलीपुढं जाळ असतोच की, तिथं आणि निराळा दिवा कशाला?" त्यात वाईट हेतू नव्हता. त्यांना खरेच तसे वाटत होते. आणि मी? मीही तोंड उघडले नाही.

पुढे दोन वर्षांनी सासूबाईंच्या पायावर उकळती आमटी सांडली. डोळ्यांत मोतीबिंदू, घरात धूर, हातातले पातेले उंबऱ्याला अडले. दीड महिना त्या अंथरुणावर होत्या. तेव्हा कुठे चुलीपाशी दिवा आला. तो लागला त्या संध्याकाळी सासूबाई भिंतींकडे बघत राहिल्या. काजळीने भिंती काळ्या ठिक्कर. "अगं, एवढ्या घाणीत रांधत होतो आपण?" असे म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी लंगडत लंगडत पांढऱ्या मातीने सारवायला बसल्या. त्यांना स्वच्छ उजेड मिळाला तो डोळे जवळजवळ गेल्यावर. ही गोष्ट मी आजवर कोठे बोलले नव्हते.

तो धूर भिंतीवर बसला तसा छातीतही बसला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या अशा धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. सासूबाईंचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही.

पुण्याच्या बुधवार पेठेत डॉ. हेमा साने या वनस्पतिशास्त्राच्या विदुषी विजेवाचून राहिल्या. झाडे, पाखरे आणि पुस्तके यांच्या संगतीत त्यांनी आपले आयुष्य काढले. त्यांच्याविषयी मला मोठा आदर आहे. पण त्यांनी ते जिणे आपण होऊन पत्करले होते. आम्हाला कोणी विचारले नव्हते. शांतपणा असेल तर तो त्या निवडीत आहे, चिमणीत नव्हे.

गावात वीज आली म्हणजे घरात आली असे नव्हे. २००४ साली सरकारने नियम केला, की गावातल्या शेकडा १० घरांना वीज मिळाली तरी गाव विजेचे धरावे. २०१८ सालच्या एप्रिलमध्ये देशातली सारी गावे उजळली असे जाहीर झाले, ते याच मापाने. आणि घरात आली म्हणजे चुलीपाशी आली असेही नव्हे, हे मी स्वतः पाहिले आहे.

म्हणून लेकींनो, तुम्हाला दोनच कामे सांगते. आपल्या आळीत ज्या म्हाताऱ्या जात्यावर बसलेल्या आहेत, त्यांच्या ओव्या वहीत उतरवून घ्या. मंडळाने ती वही जपावी. दुसरे, आज घरी गेल्यावर बघा, घरातला सगळ्यांत मंद दिवा कोणत्या खोलीत आहे आणि तेथे कोण काम करते. तो बदलायला आमटी सांडायची वाट बघू नका. मी बघितली, म्हणून सांगते.

ती तीन पुस्तके मी चाळिशीत वाचून काढली, त्याच चुलीपाशी, भाकऱ्या झाल्यावर. पाने पिवळी पडली होती, पण अक्षर स्वच्छ दिसत होते.