धरणाखालच्या गावांनी पाहावी अशी मालिका

२०१९ साली आलेली ‘चेर्नोबिल’ ही पाच भागांची मालिका मावळात, लोणावळ्यात कशासाठी पाहायची? येथे अणुभट्टी नाही. पण वलवण आणि पवना ही धरणे आहेत.

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची चौथी भट्टी फुटली. तिच्या नियंत्रक दांड्यांतील दोष १९८३ मध्येच इग्नालिना येथील चाचणीत दिसला होता. भट्टी चालविणाऱ्यांना मात्र त्याची नीट कल्पना दिली गेली नाही. शेजारच्या प्रिप्यात नगरातील लोकांना हलविले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर मुले अंगणात खेळत होती!

कम्युनिस्ट राजवटीचा हा स्वभावच, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु आपल्याच जिल्ह्यातील १२ जुलै १९६१ आठवावा. पानशेतचे काम अपुरे असतानाच पाणी अडविले गेले. आदल्या दिवशी धोका दिसला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. पुणेकरांना मात्र वेळेवर सावध केले गेले नाही. सकाळी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला.

वलवणमधून इंद्रायणीत पाणी सोडण्यापूर्वी आज काठच्या गावांना इशारा दिला जातो. तो मध्यरात्री नदीकाठच्या शेवटच्या घरी कोण पोहोचविणार, हे प्रत्येक गावाने पावसाळ्यापूर्वीच नावानिशी ठरवावे.