गुजकेट, जेईई आणि पर्सेंटाइलचा हिशेब

सुरतच्या लिंबायत भागातून बारावी सायन्स करून इंजिनिअरिंगला जाणाऱ्या विद्यार्थ्यापुढे मुख्यतः दोन परीक्षा असतात: राज्याची गुजकेट आणि देशपातळीवरची जेईई मेन. गुजकेट गांधीनगरचे गुजरात माध्यमिक व उच्चतर माध्यमिक शिक्षण बोर्ड घेते. जेईई मेन २०१९ पासून नॅशनल टेस्टिंग एजन्सीकडे आहे. मधली काही वर्षे गुजरातने इंजिनिअरिंगसाठी जेईईच धरली होती. २०१७ पासून गुजकेट पुन्हा लागू झाली.

गुजकेट १२० गुणांची असते. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून ८० प्रश्न दोन तासांत, मॅथ्सचे ४० प्रश्न एका तासात. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, आणि ओएमआर शीटवरचे गोल भरायचे तेही त्याच वेळात. बरोबर उत्तराला १ गुण, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा, कोऱ्या जागेला शून्य.

या पाव गुणाची मुले गरजेपेक्षा जास्त धास्ती घेतात. चार पर्यायांतला कोणताही एक ठोकून १६ प्रश्न सोडवले, तर सरासरीने ४ बरोबर येतात, १२ चुकतात. चार गुण मिळाले, तीन गेले, हाती एक उरला. एवढ्यासाठी जोखीम घेण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय खात्रीने खोडता आले, तर त्याच १६ प्रश्नांत सरासरीने ८ बरोबर येतात आणि ६ गुण पदरात पडतात. अशा ठिकाणी जागा कोरी सोडणे हेच खरे नुकसान. हा साधा हिशेब प्रत्येक वर्गात फळ्यावर मांडून दाखवायला हवा.

जेईई मेनमध्ये सध्या ७५ प्रश्न आणि ३०० गुण आहेत. बरोबर उत्तराला ४, चुकीला वजा १. ही परीक्षा कॉम्प्युटरवर, अनेक दिवस, वेगवेगळ्या पाळ्यांत होते. एका पाळीचा पेपर सोपा, दुसरीचा कठीण निघतो, म्हणून नुसत्या गुणांची तुलना करता येत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे पर्सेंटाइल. समजा एका पाळीला १०,००० विद्यार्थी बसले आणि एखाद्याइतके किंवा त्याहून कमी गुण मिळवणारे, त्याला धरून, ९,५०० निघाले. तर त्याचे पर्सेंटाइल ९५. कठीण पाळीत तेच ९५ कमी गुणांवर मिळते. ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के गुण नव्हेत, आणि दरवर्षी निकालाच्या दिवशी कितीतरी घरांत नेमका हाच घोळ होतो.

गुजरातमधल्या प्रवेशाची मेरिट यादी अहमदाबादची प्रवेश समिती, म्हणजे एसीपीसी, लावते. त्यात बारावीच्या थिअरीचे पर्सेंटाइल आणि गुजकेटचे पर्सेंटाइल ठरावीक प्रमाणात एकत्र केले जाते. अनेक वर्षे हे प्रमाण ६० आणि ४० होते. सुरतच्याच एसव्हीएनआयटी या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा (एनआयटी) प्रवेश मात्र जेईई मेनच्या रँकवर होतो. तिथल्या निम्म्या जागा गृहराज्याच्या, आणि गृहराज्य ठरते बारावी कुठून झाली त्यावरून. मूळ गाव जळगाव किंवा धुळ्याकडचे असले, तरी सुरतेत बारावी झालेला विद्यार्थी त्या जागांसाठी गुजरातचाच धरला जातो. ही जमेची बाजू लिंबायतच्या पालकांना माहीत असायला हवी.

अडचण आहे ती भाषेची. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. गुजकेटचा पेपर मात्र गुजराती, हिंदी आणि इंग्रजीतच निघतो. जेईई मेनचा मराठी पेपर २०२१ पासून आहे, पण तो महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. सुरतच्या केंद्रावर इंग्रजी, हिंदी, गुजराती किंवा उर्दू यांतून निवड करावी लागते. दीड मिनिटाच्या प्रश्नात वाक्य दोनदा वाचावे लागले तर जाणारा वेळ कोणत्याही सूत्रात भरून निघत नाही. त्यामुळे मराठी शाळेतून आलेल्या मुलाने पेपरची भाषा फॉर्म भरताना नव्हे, तर अकरावीला प्रवेश घेतानाच ठरवावी आणि सराव परीक्षाही त्याच भाषेत द्याव्यात.