करणी नव्हे, मेंदूचा आजार



आम्ही डॉक्टर नव्हे. पण समजून घेतले ते सांगतो. क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा दुर्मीळ आजार. वर्षाला दहा लाखांत एक-दोघांना होतो. काही महिन्यांतच माणूस घरच्यांना ओळखेनासा होतो, तोल जातो, अंग दचकते. आपल्यातलेही काही जण अजून अशाला देवऋषाकडे नेतात!

डॉक्टर एमआरआय, ईईजी काढतात, पाठीतले पाणी तपासतात. पूर्ण खात्री मेंदूचा तुकडा तपासल्यावरच, बहुधा मृत्यूनंतर. उपचार तर नाहीच. मग एवढा खर्च कशाला? कारण बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा विकार, मेंदूची सूज यांतही अशीच लक्षणे दिसू शकतात, आणि त्यांवर औषध आहे. डॉक्टर आधी तेच शोधतात. उशीर झाला तर मात्र गेलेली स्मृती पुरती परतेलच असे नाही.