मामंजी वाट चुकले तेव्हा

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले आणि बोलणं घरच्या म्हाताऱ्या माणसांवर आलं. एकीचे सासरे मोटार चालू करून विसरतात, दुसरीचे तेच तेच चार वेळा विचारतात. साठी बुद्धी नाठी म्हणत आम्ही हसलो. तेवढ्यात एक जण हळूच म्हणाली, “आमचे मामंजी परवा आपल्याच वावरातून घरची वाट चुकले.” मग कुणी हसलं नाही.

चष्मा कुठं ठेवला हे कुणीही विसरतं. पण रोजची वाट चुकणं, जन्मभर केलेला पैशाचा हिशोब न जमणं, हे नुसतं वय नव्हे. आपल्या देशात साठीपुढच्या शंभरांतल्या साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यात बायका जास्त, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. तरी आज पुरुषांबद्दल बोलतोय, कारण आपण बाळंतपणाच्या निमित्तानं तरी दवाखान्याची पायरी चढतो. हे लोक पडल्याशिवाय जात नाहीत.

डोक्याला रक्त नीट पोचलं नाही तर मेंदू झिजतो. वाढलेलं बीपी, साखर, विडी, दारू यांनी रक्ताच्या नळ्या खराब होतात. बीपी १४०/९० च्या वर राहतं तरी दुखत काहीच नाही. म्हणून गोळी सुरू होते आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणत आठ दिवसांत बंद होते. आमच्या निम्म्या घरांत हेच निघालं. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

दुसरी गोष्ट आम्हांला नवीन होती, ती कानाची. ऐकू कमी आलं की माणूस बोलणं टाळतो, पारावर जात नाही, एकटा पडतो आणि मेंदूला काम राहत नाही. टीव्हीचा आवाज वाढत चालला असेल तर कान दाखवा. कधी नुसता मळ असतो. काडी घालू नका, तेलही ओतू नका.

शेती मुलाच्या हातात गेली की बापाला कुणी काही विचारत नाही, हेही खरं. बियाणं कुठलं घ्यायचं, एवढं तरी विचारावं. चालणं-फिरणंही सुटू देऊ नये.

त्या मामंजींना आम्ही दोघी-तिघी मिळून उपकेंद्रात नेलं. ते चिडले होतेच. बीपी बरंच वाढलेलं निघालं. पुढं तालुक्याच्या डॉक्टरांनी बी-१२ आणि थायरॉईडही तपासायला सांगितलं, कारण त्यांच्या कमतरतेनंही विसर पडतो आणि त्यावर औषध आहे. माणूस एकाएकी, एका दिवसात गोंधळला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर मात्र उद्यावर न टाकता १०८ ला फोन करा.

बी-१२ चा रिपोर्ट अजून यायचाय. बीपीची गोळी रोज रात्री नातू देतो, आणि मामंजी त्याला रोज विचारतात, “ही कशाची रे?”