पूर्वजांचे नाव आणि मनाचे आरोग्य
(जागतिक मानसिक आरोग्य दिनी, दि. १० ऑक्टोबर रोजी, रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही वैद्यक नव्हे, वाणिज्य शाखेचे पदवीधर. जमाखर्च, नोंदवह्या आणि केसपेपर यांची व्यवस्था पाहणे हे आमचे काम. तेव्हा मानसिक आरोग्यावर आम्ही बोलावे ते नोंदींच्या अंगानेच. मनोविकार बाह्यरुग्ण विभागाच्या केसपेपरवर एक रकाना असतो : ‘कुटुंबात पूर्वी कोणास असा आजार होता काय?’ इतर रकाने भराभर भरले जातात. हा मात्र पुष्कळदा कोरा राहतो, किंवा तेथे घाईने ‘नाही’ असे सांगितले जाते. मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, घराण्याचे नाव, अशा किती तरी काळज्या त्या ‘नाही’च्या मागे उभ्या असतात. आम्ही त्याबद्दल कोणासही दोष देत नाही. परंतु पूर्वजांविषयी मोकळेपणाने बोलणे आणि मनाला स्वास्थ्य मिळणे यांचा काही संबंध आहे काय, याचा विचार आज आपण करावा, अशी इच्छा आहे. त्यासाठी ज्यांचा हा रकाना इतरांनीच पुसून टाकला होता, अशा एका मोठ्या मानवसमूहाकडे पाहू.

अटलांटिक महासागरावरील गुलामांच्या व्यापारात साडेतीन शतकांहून अधिक काळ सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी स्त्रीपुरुष व मुले जहाजांत चढविली गेली. त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख पलीकडच्या किनाऱ्यावर जिवंत उतरली. कॅरिबियन समुद्रातील जमैका हे ब्रिटिशांच्या ताब्यातील बेट ही त्यांची एक मोठी बाजारपेठ. तेथे १८१७ पासून गुलामांची नोंदवही ठेवण्याची पद्धत सुरू झाली. नाव, लिंग, वय, वर्ण, जन्म आफ्रिकेतला की बेटावरचा, एवढे तीत लिहीत. नाव बहुधा मालकाने ठेवलेले असे. आईचे नाव काही ठिकाणी आढळते, बापाच्या नावाची गरज कोणास वाटत नसे. १ ऑगस्ट १८३४ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८३८ मध्ये पूर्ण मुक्ती मिळाली. त्या वेळी ब्रिटिश सरकारने २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली ती मालकांना. मुक्त झालेल्यांच्या हाती काहीच आले नाही. आयुष्यभर हिशेब पाहिलेल्या माणसाला ही नोंद वाचताना थांबावे लागते. माणूस मालमत्तेच्या बाजूस लिहिला गेला आणि त्याचे कुळ कोठेच लिहिले गेले नाही.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरी गेल्यास तीर्थोपाध्यायांच्या वहीत कित्येकांना पणजोबांचे नाव सापडते. अनेक घराण्यांनी कुलवृत्तांत छापले आहेत. ही श्रीमंती आपल्याकडेही सर्वांच्या वाट्याला आलेली नाही, हे आपण जाणतोच. परंतु जमैकातील सामान्य माणसाला वंशावळ शोधायची तर आज त्याच नोंदवह्या चाळाव्या लागतात, ज्यांत आपला पूर्वज कोणाची तरी मालमत्ता म्हणून लिहिलेला आहे.

कागदावर जे उरले नाही ते या लोकांनी विधींत जपले. जमैकात मृत्यूनंतर ‘नाइन नाइट’ पाळण्याची चाल आहे. नवव्या रात्रीपर्यंत शेजारी व आप्त जमतात, गातात, जेवतात, मृताच्या आठवणी काढतात आणि त्याला निरोप देतात. आपल्या दहाव्या-तेराव्याची आठवण व्हावी अशीच ही रीत. बेटाच्या पूर्वेकडील सेंट थॉमस भागात ‘कुमिना’ नावाचा विधी आहे. गुलामगिरी संपल्यानंतर मध्य आफ्रिकेतून करारावर आणलेल्या मजुरांनी तो तेथे रुजविला. ढोलांच्या ठेक्यावर पूर्वजांना बोलाविले जाते, ते नाचणाऱ्यांच्या अंगात येतात आणि घरातील आजार व तंटे यांविषयी त्यांना विचारले जाते, अशी ही श्रद्धा. सत्तेला मात्र अशा परंपरांचे भय वाटे. १७६० मधील टॅकीच्या उठावानंतर ‘ओबिया’ या मंत्रतंत्रविद्येवर कायद्याने बंदी आली. तिच्यात औषधी वनस्पतींचे ज्ञान होते, तशी फसवणूक आणि भीतीही होती. बंदीने यांतले काय राखावे व काय टाकावे हे निवडले नाही, सर्वांनाच गुन्हा ठरविले.

या इतिहासाचा रुग्णालयाशी संबंध जोडला तो जमैकाचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. फ्रेडरिक हिकलिंग यांनी. किंग्स्टन येथील बेलव्ह्यू हे वसाहतकाळापासूनचे मोठे मनोरुग्णालय. तेथे १९७० च्या दशकात डॉ. हिकलिंग यांनी दीर्घकाळ दाखल असलेल्या रुग्णांना आणि कर्मचाऱ्यांना एकत्र बसविले. आपल्या लोकांचा इतिहास, या रुग्णालयाचा इतिहास आणि त्यात आपण कोठे आहोत, यावर चर्चा घडविली आणि त्यातून रुग्णांनीच नाट्यप्रयोग उभा केला. ज्यांना समाजाने भिंतीआड ठेवले होते, ते समाजासमोर येऊन आपली कथा सांगू लागले. डॉ. हिकलिंग यांनी मनोविकारशास्त्र सोडले नाही. त्यांनी त्याला रुग्णाच्या इतिहासाची जोड दिली.

आता रुग्णांच्या आप्तेष्टांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या कॅरिबियन कुटुंबांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण तेथील गोऱ्या लोकांच्या अनेक पटींनी अधिक आढळले. ‘यांच्या रक्तातच दोष आहे’ असे म्हणणे सोपे होते. परंतु १९९० च्या दशकात जमैका, त्रिनिदाद व बार्बाडोस या बेटांवर पाहणी झाली तेव्हा तेथे तसे वाढलेले प्रमाण दिसले नाही. पूर्वज तेच, आजाराचे प्रमाण मात्र निराळे. म्हणून अभ्यासकांचे लक्ष एकाकीपणा, भेदभाव आणि तुटलेली कुटुंबे यांकडे वळले. आनुवंशिकतेचा वाटा आहेच, तो नाकारू नये. आई-वडिलांपैकी एकास स्किझोफ्रेनिया असल्यास अपत्याला तो होण्याची शक्यता सुमारे १० टक्के सांगितली जाते. याचा अर्थ शंभरांतील नव्वद अपत्यांना तो होत नाही. वंशावळ सावध करते, भवितव्य ठरवीत नाही.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे असे वाटू नये. सिद्दी म्हटले की आपल्याला मुरूडचा जंजिरा आठवतो. परंतु गुलाम, खलाशी, सैनिक अशा नात्यांनी पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या सामान्य आफ्रिकी माणसांचे वंशजही गुजरात, कर्नाटक व मुंबईत राहतात. गुजरातेत भरूचपासून जवळ, रतनपूर येथे बावा गोर या हबशी संताचा दर्गा आहे. त्यांचे बंधू बावा हबश व भगिनी माई मिसरा यांनाही तेथे मान आहे. सिद्दी लोक या भावंडांना आपले पूर्वज मानतात. मूळ गाव व कुळ विसरले गेले, त्या जागी संतांचे नाते आले. त्यांच्या ‘गोमा’ या ढोलनृत्याच्या नावात स्वाहिली भाषेतील ‘न्गोमा’ हा शब्द आजही ऐकू येतो. या स्थानी मनाने त्रस्त झालेली माणसे, सर्व धर्मांची, आधार शोधत येतात.

तो आधार खरा आहे. तेथे रुग्णाला कोणी ‘वेडा’ म्हणून दूर सारत नाही आणि घरचे लोक त्याच्यासोबत असतात. परंतु आधार म्हणजे उपचार नव्हे, हेही स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. त्यांना पळता आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. श्रद्धास्थान कोणतेही असो, जेथे साखळी आहे तेथून आपला माणूस परत आणावा, ही आमची हात जोडून विनंती आहे.

यावरून रुग्णालयाची भूमिका थोडक्यात मांडतो. देवस्थानास वा दर्ग्यास जाणाऱ्या कुटुंबाला आम्ही परतवीत नाही आणि त्याची थट्टाही करीत नाही. केवळ एवढेच सांगतो की डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळ्या बंद करू नयेत, आणि कोठे जाता ते डॉक्टरांपासून लपवू नये. कुटुंबाची हकीकत केसपेपरच्या खिडकीवर, रांगेत उभ्या असलेल्या चार लोकांसमोर विचारली जाऊ नये. ती स्वतंत्र खोलीत, वैद्यकीय समाजसेवकाने, पुरेसा वेळ देऊन ऐकावी आणि गोपनीय ठेवावी. अर्ध्या तासाच्या अशा संभाषणाला यंत्रसामग्री लागत नाही, प्रशिक्षित माणूस लागतो. देणगीदारांस यंत्रावर आपल्या वडिलांचे नाव कोरलेले पाहण्यात समाधान वाटते, ते योग्यच आहे. परंतु आपल्या पूर्वजांच्या स्मरणार्थ एका समाजसेवकाचे वर्षाचे वेतन दिल्यास, दुसऱ्या एखाद्या कुटुंबाला आपल्या पूर्वजांविषयी निर्भयपणे बोलता येईल. याहून उचित स्मारक आम्हांस सुचत नाही.

ज्यांचे कुळ पुसले गेले, त्यांनी ढोलांवर, नवव्या रात्रीच्या गाण्यांत आणि संतांच्या नात्यात ते पुन्हा शोधले. आपल्याला तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारले तरी पुरे. आजारी पडलेली ती आत्या, घर सोडून गेलेले ते काका, यांची नावे घरात पुन्हा उच्चारली जावीत. त्यात लाज नाही, आणि डॉक्टरांना त्याचे साहाय्यच होते.